‘काहीतरी चांगलं द्या हो’: देवघेवीवर नव्याने बसणाऱ्यांसाठी शिफारशीची वाटचाल

सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसलात की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर पडतं. म्हणणाऱ्याच्या एका हातात परत आणलेलं पुस्तक असतं, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि बाहेर रिक्षा थांबवलेली असते. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात वर्गीकरण शिकवतात, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं) शिकवतात, पण ‘काहीतरी चांगलं’ म्हणजे नेमकं काय काढून द्यायचं, हे कुठल्याच पेपरात येत नाही. मग नव्या खरेदीच्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक पुढे सरकवलं जातं.

हा लेख त्या गठ्ठ्याला पर्याय म्हणून आहे. कर्मचाऱ्यांनी स्वतः वाचलेली पुस्तकं आणि स्वतः ऐकलेलं संगीत वाचकांपुढे कसं ठेवायचं, ते यात क्रमाने सांगतो. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. पेपरातली परीक्षणं वाचकाने वाचलेली असतात, पुरस्कारांच्या बातम्याही त्याला ठाऊक असतात. तुमच्याकडून त्याला तुमचं मत हवं असतं, कारण ते पटलं नाही तर जाब विचारायला पुढच्या आठवड्यात तुम्ही तिथेच सापडणार असता. शिफारशीचं सगळं वजन त्या सापडण्यात आहे. म्हणून निनावी शिफारस करू नका.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रं १९३१ साली पुस्तकरूपाने आली. परीक्षेपुरती तुम्ही ती पाठ केलीच असतील. त्यातली तीन इथे लागतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा. आता या तिन्हींचा रोज उपयोग करायचा आहे.

पायरी पहिली: स्वतःची वही

ग्रंथालयात काम करणाऱ्याला दिवसभर वाचायला मिळतं, हा बाहेरच्यांचा गोड गैरसमज आहे. दिवसभर मिळते ती धूळ, आणि ‘पंखा जरा वाढवा’ अशी सूचना. वाचन घरीच होतं, तेही तुटक. त्यामुळे वाचलेलं विसरायला होतं आणि नेमक्या वेळी एकही नाव आठवत नाही. यावर उपाय म्हणजे एक साधी दोनशे पानी वही. पुस्तक संपलं की तीन ओळी लिहायच्या: मी कुठे रमलो, कुठे अडलो, आणि हे कोणाला देईन. कथानक लिहायचं नाही, ते मलपृष्ठावर असतं. ‘कोणाला देईन’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘निवृत्त शिक्षक, प्रवासाची आवड, जाड पुस्तकाला न घाबरणारे’ एवढं नेमकं लिहिलं, की तसा माणूस टेबलापाशी आला की पुस्तक आपोआप आठवतं.

न संपवलेल्या पुस्तकाची शिफारस करायची नाही, हा नियम पाळा. मात्र हाती घेतलेलं प्रत्येक पुस्तक संपवलंच पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक प्रसिद्ध नियम आहे. पुस्तकाला पन्नास पानं द्या, नाही रुचलं तर खुशाल सोडा. वयाची पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा आणि उरतील तेवढीच पानं द्या. (या बाईंची २००३ साली खेळण्यातली बाहुली निघाली होती. तिची कळ दाबली की बाहुली गप्प करायला ओठांवर बोट नेते. ग्रंथपालांच्या वाट्याला असली कीर्ती क्वचितच येते.)

वही एकट्या ग्रंथपालाची नको. शिपाई, झाडलोट करणाऱ्या मावशी, बांधणीचं काम करणारे दादा, सगळ्यांना विचारा. बांधणीवाल्याला जे माहीत असतं ते संगणकालाही नसतं. कुठलं पुस्तक तिसऱ्यांदा शिवायला आलंय, कुठल्या पानाशी कणा मोडलाय, कुठल्या पाककृतीच्या पानावर हळदीचा डाग आहे, हे तो डोळे मिटून सांगतो. शेवटच्या पानावरची तारीखपत्रिका शिक्क्यांनी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली दिसली, तर ते पुस्तक लोकांनी आपण होऊन शोधलेलं असतं. ते आपण वाचलेलं नसेल तर आधी वाचावं.

आवडीची लाज बाळगू नका. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, शेअर बाजार, गोधडीकाम, जे आवडतं ते लिहा. शिफारशीच्या फळीवर सगळीच्या सगळी गंभीर पुस्तकं दिसली की वाचक ओळखतो की ही फळी पाहुण्यांना दाखवायची आहे.

पायरी दुसरी: काय विचारायचं

‘तुम्हाला कुठला प्रकार आवडतो?’ हा प्रश्न विचारला की ‘ऐतिहासिक’ किंवा ‘सामाजिक’ असं उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारा: ‘एवढ्यात वाचलेलं कुठलं आवडलं? त्यातलं काय आवडलं?’ आणि थांबा. लोक पुस्तकाबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यातूनच दिशा कळते.

पर्ल यांनी यासाठी चार दारं सांगितली आहेत: गोष्ट, माणसं, ठिकाण आणि भाषा. प्रत्येक वाचक यातल्या एखाद्या दारातून पुस्तकात शिरतो. ‘रात्री दोनपर्यंत खालीच ठेववेना’ असं म्हणणारा गोष्टीच्या दारातला. ‘ती आजी अगदी आमच्या आत्यासारखी’ म्हणणाऱ्या काकू माणसांच्या दारातल्या. ‘कोकणातला पाऊस काय लिहिलाय’ म्हणणारे काका ठिकाणाच्या दारातले. आणि एखादी मुलगी वाक्यंच्या वाक्यं म्हणून दाखवते, ती भाषेच्या दारातली. ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्याला पुढची ऐतिहासिक कादंबरीच द्यावी लागते असं नाही. लढायांपेक्षा दरबारातली माणसं आवडली असतील, तर एखादं चांगलं राजकीय आत्मचरित्र त्यांना जास्त भावेल.

आणखी दोन गोष्टी न विचारता पाहून घ्यायच्या. वाचकाचा चष्मा, आणि त्याच्या हातात पुस्तकाचं वजन पेलतंय का. ऐंशीच्या घरातल्या आजोबांना बारीक टायपातला सहाशे पानांचा ग्रंथ देणं म्हणजे तो न वाचताच परत येणार. मोठ्या अक्षरातली, हलकी पुस्तकं वहीत वेगळ्या खुणेने लिहून ठेवा.

पायरी तिसरी: चिठ्ठी

इथे जरा वेळ द्या, कारण तुम्ही टेबलावर नसताना फळीवर बोलते ती पुस्तकाला लावलेली शिफारशीची चिठ्ठीच. कागदासाठी खर्च नको. तालिका संगणकावर गेल्यापासून जुन्या तालिकापत्रांचे खण बहुतेक वाचनालयांत पडून आहेत. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं ते जाड पत्र मागून कोरं असतं, मध्ये भोक असतं, दोऱ्याने टांगताही येतं. त्यावर हाताने लिहा. छापील चिठ्ठी प्रकाशकाची जाहिरात वाटते.

बहुतेक चिठ्ठ्या अशा असतात:

‘अत्यंत वाचनीय व संग्राह्य पुस्तक. मनाला भिडणारे लेखन. प्रत्येकाने वाचायलाच हवे.’

ही चिठ्ठी कुठल्याही पुस्तकाला लावा, चालेल. म्हणजेच ती कुठल्याच पुस्तकाची नाही. ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’, ‘हृदयस्पर्शी’, ‘अंतर्मुख करणारे’ हे शब्द प्रस्तावनांमध्ये झिजून गेलेत. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्यांच्यावर काट मारा.

आता एक उदाहरण. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेऊ. नाव सगळ्यांना माहीत आहे, शाळेच्या पुस्तकातला उतारा अनेकांना आठवतो, आणि त्यामुळेच पुस्तक वाचून झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते उचललं जात नाही. त्याची चिठ्ठी अशी लिहिता येईल:

‘नवरा कवी, लहरी, आणि १८९५ साली बायकोला न सांगता ख्रिस्ती झालेला. एवढं सोसलेली बाई रडगाणं गाईल असं वाटतं, पण ती स्वतःवरच हसते. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची प्रकरणं मी बसमध्ये वाचत होते, शेजारची बाई वळून पाहायला लागली. १९३४ पासून भागाभागाने आलेलं पुस्तक आहे, पण भाषा घरात बोलल्यासारखी. तारखांचा सलग इतिहास हवा असेल तर मात्र हे घेऊ नका.’ आणि खाली तुमचं नाव.

यात काय आहे ते पाहा. पहिल्या वाक्यात पेच आहे. नंतर पुस्तकाचा सूर सांगितलाय. एक जागा नेमकी दाखवली आहे, पण तिथे काय होतं ते फोडलेलं नाही. आणि शेवटी हे पुस्तक कोणासाठी नाही, तेही सांगितलंय. नवे लोक नेमकी ही शेवटची ओळ गाळतात, पुस्तकाचा अपमान होईल म्हणून. उलट होतं. ‘सुरुवातीची चाळीस पानं संथ आहेत, तेवढी काढा’ असं लिहिलेल्या पुस्तकावर वाचक विश्वास ठेवतो, आणि चाळीस पानं काढतोही.

चिठ्ठी साठ-सत्तर शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका. शेवट सांगू नका. लेखकाचे पुरस्कार लिहू नका. आणि नाव लिहाच, नुसतं पहिलं नाव पुरे. काही दिवसांत वाचक तुम्हाला नावाने ओळखायला लागतात: ‘त्या दुपारच्या पाळीतल्या ताईंचं आणि माझं जमतं.’ हे ऐकलं की समजा काम सुरू झालं.

पायरी चौथी: संगीत

आपल्याकडच्या वाचनालयांत संगीताची अवस्था काय आहे, हे कपाट उघडलं की दिसतं. कॅसेटी आहेत, वाजवायला यंत्र नाही. सीडी आहेत, संगणकाला ती घालायची जागा नाही. म्हणून संगीताची शिफारस होत नाही. पण देवाणघेवाण वस्तूंचीच असावी असं कुठे आहे? ऐकायचं ते वाचक फोनवर ऐकेल. त्याला हवं ते एवढंच की, लाखो ध्वनिमुद्रणांतून कुठलं ऐकू.

पुन्हा, ‘शास्त्रीय संगीत ऐका, मन शांत होतं’ अशी चिठ्ठी कोणी वाचत नाही. नवख्याला तासाभराचा विलंबित ख्याल देऊ नका. माझा अनुभव असा की, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांपासून सुरुवात केलेली चांगली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मैफिलीत तासभर गाणाऱ्या कलावंतांना तेवढ्यात राग मांडायला लागायचा, त्यामुळे त्यात फाफटपसारा मुळीच नाही. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ, त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व, यांचं कितीतरी गाणं अशा तुकड्यांत मिळतं. चहा उकळेपर्यंत एक ऐकून होतं.

एक चिठ्ठी:

‘गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. राग भैरवी, साडेतीन मिनिटं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर भारतातून निवडलेलं गाणं म्हणजे ही भैरवी. पहिल्यांदा ऐकताना शब्द शोधू नका, नुसता आवाज किती सरळ लागतो ते ऐका. घरघर ऐकू येते, ती जुन्या तबकडीची. इअरफोन लावून ऐका, चालता चालता नको.’ आणि नाव.

संगीताच्या चिठ्ठीत चार गोष्टी हव्यातच: कोण गातंय किंवा वाजवतंय, राग किंवा प्रकार, किती मिनिटं, आणि पहिल्या वेळी कान कुठे ठेवायचा. एकाच गायकाची एकाच रागातली चार-चार ध्वनिमुद्रणं असतात, म्हणून कुठलं ते ओळखता येईल अशी एखादी खूण लिहा: बंदिशीचे पहिले शब्द, साथीला कोण, मैफिलीतलं की स्टुडिओतलं. नाही तर वाचक भलतंच ऐकून येतो आणि म्हणतो, ‘काही विशेष वाटलं नाही बुवा.’

आपल्या वाचकांना सोपी वाट नाट्यसंगीताची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत नाटक रंगभूमीवर आणलं, आणि पुढे या पदांनी रागदारी घराघरांत नेली. काकांना एखादं पद पाठ असतं, पण ते कुठल्या रागावर बेतलंय ते ठाऊक नसतं. चिठ्ठीवर राग लिहा आणि त्याच रागातली एक छोटी बंदिश सुचवा. तेवढ्या धाग्यावर माणूस बराच पुढे जातो.

दुसरी युक्ती पुस्तकाची आणि संगीताची जोडी लावण्याची. संगीतावरची पुस्तकं एका कपाटात, गायकांची चरित्रं दुसऱ्या कपाटात, बैठकींच्या आठवणी ललित गद्यात, अशी फाटाफूट वर्गीकरणामुळे होतेच. ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धत पाळणाऱ्याकडे संगीत ७८० या क्रमांकात आणि गायकाचं चरित्र बऱ्याचदा चरित्रविभागात. शिफारशीच्या फळीवर ही ताटातूट मिटवता येते. चरित्राला संगीताची चिठ्ठी लावा: ‘तिसरं प्रकरण वाचण्याआधी हे ऐका.’ पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो, सहसा डिसेंबरात. त्याच्या आधीचे पंधरा दिवस ही फळी लावायला उत्तम, कारण तेव्हा न ऐकणाऱ्यालाही थोडं कुतूहल असतं.

कायद्याचं थोडक्यात. भारतात ध्वनिमुद्रणावरचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं असतो, आणि गीत व चाल यांचे हक्क वेगळे, कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. तेव्हा वाचकाच्या पेन ड्राइव्हवर गाणी भरून देऊ नका, आणि वाचनकक्षात गाणी लावण्याआधी परवानगीचं पाहा. कंपनीच्या अधिकृत ध्वनिमुद्रणाचा क्यूआर कोड चिठ्ठीवर चिकटवला तर कोणाची हरकत नसते.

पायरी पाचवी: फळी

देवघेवीच्या टेबलापासून हाताच्या अंतरावर, डोळ्यांच्या पातळीला. पुस्तकं कणा दाखवून नाही, मुखपृष्ठ दाखवून. आठ-दहा पुरेत, चाळीस ठेवलीत तर ते नुसतं आणखी एक कपाट झालं. बंद कपाटांतून पुस्तकं काढून देणाऱ्या वाचनालयांत या फळीचं महत्त्व दुप्पट, कारण तिथे वाचकाला हाताळायला मिळणारी तेवढीच पुस्तकं.

पुस्तक बाहेर गेलं की चिठ्ठी काढू नका, तिच्यावर ‘बाहेर आहे, नाव नोंदवा’ अशी पट्टी लावा. मालिकेचा दुसरा भाग ठेवू नका. रांग लागलेली नवी पुस्तकं ठेवू नका, त्यांना तुमची गरज नाही.

दिवाळी अंकांचं निराळं

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा निवडीचा प्रश्न नव्हता. आता ढीग येतो. अंकांसाठी वेगळी वर्गणी भरलेला सभासद रोज एक बदलून नेतो आणि ‘यात काय आहे?’ विचारतो. इथे अख्ख्या अंकाची शिफारस करूच नका. अंक म्हटला की चार लेख चांगले, बाकी जाहिराती आणि राशिभविष्य. अंकाच्या मुखपृष्ठाला छोटी पट्टी लावा: ‘पान अमुक, मिठागरांवरचा लेख’, ‘पान तमुक, शेवटची कथा’. सगळ्यांनी मिळून अंक वाटून घेतले तर दिवाळीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत बरेच उरकतात. हीच पट्टी पुढच्या वर्षी नव्या लेखकांचं पुस्तक आलं की कामी येते.

अडचणी, ज्या येणारच

कार्यकारी मंडळाला फळीची कल्पना आधी द्या आणि एक नियम लिहून मंजूर करून घ्या: ज्याने वाचलं त्यानेच चिठ्ठी लिहायची. हा नियम नसेल तर महिन्याभरात फळीवर कोणातरी पदाधिकाऱ्याच्या मेहुण्यांचा कवितासंग्रह येतो, पाच प्रतींसह. गावातल्या लेखकांसाठी ‘स्थानिक लेखक’ अशी वेगळी जागा करा, तिथे सगळ्यांना मान मिळतो आणि तुमची फळी मोकळी राहते.

जात, धर्म, राजकारण यांवरचं पुस्तक आवडलं असेल तर ठेवा. चिठ्ठीत पुस्तक काय म्हणतं ते लिहा, वाचकाने काय मानावं ते नको. हरकत आली तर ‘तुम्हाला याच्या विरुद्ध बाजूचं चांगलं पुस्तक माहीत असेल तर सांगा, मी वाचतो’ असं म्हणा आणि खरंच वाचा.

कोणी काय नेलं हे दुसऱ्याला सांगायचं नाही. ‘तुमच्या शेजारच्या वहिनींनीही हेच नेलं होतं’ हे कौतुकानेही म्हणू नका. आजारावरची, घटस्फोटावरची, कर्जावरची पुस्तकं लोक नेतात ती तुमच्या तोंडावर भरवसा ठेवूनच.

महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि सगळ्यात लहान अशा ड वर्गाच्या वाचनालयात माणूस बहुधा एकच असतो. तिथे फळी एकट्याच्या आवडीची होते. अशा वेळी चार-पाच जुन्या सभासदांना आणि दोन मुलांना चिठ्ठ्या लिहायला सांगा. मुलांच्या चिठ्ठ्या दुरुस्त करू नका. ‘यात कुत्रा मरत नाही’ यापेक्षा नेमकी शिफारस आपल्याला जमणार नाही. जिथे टेबलावर कोणीच नसतं तिथेही चिठ्ठीचं काम चालतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंतही गेल्या. अशा पेटीतून पुस्तक निवडणाऱ्याला आत एखादं हस्ताक्षर सापडलं तर बरंच वाटेल.

पायरी शेवटची: परत आल्यावर

पुस्तक जमा करून घेताना विचारा, ‘कसं वाटलं?’ भिडस्त माणसं ‘छान होतं’ म्हणतात. मग दुसरा प्रश्न: ‘कुठपर्यंत वाचलंत?’ इथे खरं कळतं. अर्ध्यावर सोडलं असेल तर कुठे, ते वहीत त्या पुस्तकापुढे टिपा. तीन जण एकाच जागी थांबले असतील तर चिठ्ठीत ती जागा सांगून टाका. वाद घालू नका, पुस्तकाची बाजू मांडत बसू नका. रांग मागे उभी असते.

दोन महिन्यांत कोणी उचललं नाही तर पहिलं वाक्य बदलून चिठ्ठी नव्याने लिहा. तरीही पडून राहिलं तर पुस्तक कपाटात जागेवर लावा, चिठ्ठी मात्र पुस्तकातच राहू द्या, मलपृष्ठाच्या आतल्या खिशात. आणि फळीवर रिकामी झालेली जागा त्याच दिवशी भरा.